कानगोष्टी : ‘रिमास्टर’चा शिक्का आणि बाबांचा वाढदिवस

मागच्या अंकात जुन्या कॅसेटींवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. त्यातलं पहिलं पत्र माझी चूक दाखवणारं आहे. ते आधी घेतो, म्हणजे उरलेल्यांना उत्तरं देताना खाली मान घालायला नको.

प्रश्न : ईगल्स या अमेरिकी बँडच्या १९७६ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आहे, असं तुम्ही लिहिलंत. माझ्याकडे ती कॅसेट आहे आणि तिच्यात ते गाणं नाही. माझी कॅसेट खोटी की तुमची आठवण? — एक वाचक, गोकुळपेठ

माझी आठवण खोटी. तो संग्रह फेब्रुवारी १९७६ मध्ये आला, त्यात १९७१ ते ७५ मधली दहा गाणी आहेत. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हा अल्बम त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. म्हणजे ते गाणं त्यात असूच शकत नाही.

चूक कशी झाली तेही सांगतो. सीताबर्डीत माझं गाणी भरून देण्याचं छोटं दुकान होतं. (कायद्याच्या दृष्टीनं तो धंदा काय होता, ते आता विचारू नका.) हा संग्रह साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरला की शेवटी पंधराएक मिनिटं फीत कोरी राहायची. गिऱ्हाईक कोऱ्या फितीचे पैसे देत नाही, म्हणून मी तिथं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ टाकून द्यायचो. इतक्यांदा टाकलं की माझ्या डोक्यात तो संग्रह तसाच बसला आहे. नागपुरात माझ्याकडून कॅसेट नेलेल्या काही मंडळींच्या डोक्यातही तसाच असेल, त्यांची माफी मागतो.

गंमत पुढं आहे. बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं ज्यात नाही, त्याच संग्रहाला २०१८ साली अमेरिकेत ३८ वेळा प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळालं आणि मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’सुद्धा मागं पडला. एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती. हल्ली त्यात फोनवर ऐकलेलंही धरतात, पण तरी हिशेब तुम्हीच करा. हिट्सच्या संग्रहांना नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

प्रश्न : काका, १२ जूनला बाबा साठ वर्षांचे होतील. कॉलेजात असताना ते बर्डीवरून इंग्रजी गाणी भरून आणायचे, क्वीन, पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन. त्या कॅसेटी आहेत, पण वाजत नाहीत. मागच्या वर्षी ताईनं त्यांना सुटकेससारखा उघडणारा रेकॉर्ड प्लेअर दिला. मला वाटलं, या तिन्ही बँडचे ‘रिमास्टर्ड ग्रेटेस्ट हिट्स’ रेकॉर्डवर मागवावेत. एकेकाची किंमत साडेतीन-चार हजार आहे. दादा म्हणतो, हे सगळं फोनवर आहे आणि कंपन्या तीच गाणी धुऊन-धुऊन पुन्हा विकून राहिल्या. कोण बरोबर? — एक मुलगी, त्रिमूर्ती नगर

दादा अर्धा बरोबर आहे. कोणता अर्धा, ते सांगायला थोडी जागा लागेल.

आधी शब्द. स्टुडिओत प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर भरतात. मग त्यांचं प्रमाण जुळवून डावी-उजवी अशी दोन पट्ट्यांची एक फीत करतात, ते मिक्सिंग. ती फीत रेकॉर्डवर किंवा सीडीवर जाण्याआधी तिचा एकूण स्वर, पातळी, गाण्यांमधली अंतरं ठीकठाक करतात, ते मास्टरिंग. रिमास्टर म्हणजे ही शेवटची पायरी पुन्हा केली. भाजी झालेली आहे, वाढण्याआधी मीठ-लिंबू पुन्हा पाहिलं, इतकंच. वांगं कच्चं राहिलं असेल तर ते आता शिजणार नाही. त्यासाठी फोडणीपासून सुरुवात करावी लागते, त्याला रिमिक्स म्हणतात. वेष्टनावर दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापलेले असतात.

आता ही शेवटची पायरी पुन्हा करायची गरज होती का? पुष्कळदा होती. रेकॉर्डवर खोल खर्ज कोरला तर खाचा रुंद होतात आणि सुई उड्या मारते. म्हणून रेकॉर्डसाठी वेगळी फीत तयार करायचे. तिच्यात खर्ज आवरलेला, वरचे सूर सांभाळून घेतलेले. १९८२ नंतर सीडी आली तेव्हा कपाटातली जी फीत हाताला लागली तीच अनेकांनी सीडीवर उतरवली, आणि ती बहुधा रेकॉर्डसाठीची असायची. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक सीड्या पातळ, कोरड्या वाजतात त्याचं मोठं कारण हे. बीटल्सच्या १९८७ च्या सीड्या आणि सप्टेंबर २००९ मध्ये आलेले रिमास्टर शेजारी-शेजारी लावून ऐका. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या तंत्रज्ञांनी त्यावर चार वर्षं घालवली होती. बँडच्या पॉल मॅकार्टनीच्या बेस गिटारचा खर्ज २००९ मध्ये जसा सापडतो तसा आधीच्या सीडीत सापडत नाही. इथं दादा चुकला.

दादा बरोबर कुठं, तर नव्वदीच्या मध्यापासून पुढं. तेव्हापासून सीडी ‘मोठ्यानं’ वाजली पाहिजे, अशी चढाओढ लागली. रेडिओवर, गाडीत, दुकानात शेजारच्या सीडीपेक्षा आपली ठळक वाटावी म्हणून. पण सीडीवर आवाजाला वरची मर्यादा ठरलेली आहे, ती ओलांडता येत नाही. मग करतात काय, ढोलाच्या ठोक्याचं टोक छाटायचं आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. हळू वाजायला हवं तेही मोठं, मोठं वाजायला हवं तेही तेवढंच. मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंत एकाच पट्टीत ओरडणारा लग्नातला स्पीकर आठवा. पहिली पाच मिनिटं उत्साह, नंतर डोकं धरतं.

मी स्वतः यात फसलो आहे. लेड झेपलिनचा ‘रिमास्टर्स’ हा दोन सीड्यांचा संग्रह १९९० चा, तो बँडच्या जिमी पेजनं स्वतः जॉर्ज मरीनो या तंत्रज्ञाबरोबर बसून केलेला. तो माझ्याकडे होता. पुढं २००७ मध्ये ‘मदरशिप’ आला. जावईबापूंनी पुण्याहून आणून दिला. लावला आणि म्हटलं, वा! काय धडकन येऊन राहिलं! जुना संग्रह माळ्यावर टाकायला निघालो होतो. मग माझ्यातला जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा जागा झाला. दोन्हींचा आवाज कानाला सारखा होईपर्यंत नॉब जुळवला आणि सौ.ला पडद्यामागं बसवून सीड्या बदलायला लावल्या. तिला या संगीताचं काडीइतकं कौतुक नाही, म्हणजे पंच म्हणून उत्तम. ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचं गाणं आहे. सुरुवातीला नुसती गिटार आणि बासरीसारखं रेकॉर्डर, चार मिनिटं उलटून गेल्यावर ढोल येतो, शेवटी कल्लोळ. जुन्या सीडीत तो ढोल आला की खोलीत कुणीतरी शिरल्यासारखं होतं. नव्यात तो आधीपासून खोलीतच होता. सौ. म्हणाली, “दुसरीच्या वेळी मला उठून चहा टाकावासा वाटला.” दुसरी म्हणजे ‘मदरशिप’.

आवाज सारखा केल्याशिवाय तुलना करू नये, हे तेव्हा पक्कं झालं. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. दुकानदारांना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे.

आता याच्या उलट बाजूचंही बोललं पाहिजे. हा प्रयोग जानेवारीत केला होता. मेमध्ये कूलर फुल्ल सोडून पुन्हा केला, तेव्हा जुन्या सीडीतली पहिली दोन मिनिटं कूलरनं गिळली आणि ‘मदरशिप’ नीट ऐकू आलं. लंडनच्या शांत स्टुडिओत बसून जे ठरवतात त्यांनी नागपूरचा कूलर ऐकलेला नाही. १२ जूनला तुमच्याकडे पाऊस पोचला असेल तर ठीक, नाहीतर कूलर चालू असेल, हे लक्षात घ्या.

आता बाबांचे तीन बँड.

क्वीनचा संग्रह डोळे मिटून घ्या. १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ब्रिटनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे, २०२२ मध्ये तिथं सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. देशादेशांत गाण्यांची यादी थोडी वेगळी होती. ब्रिटिश आवृत्तीत सतरा गाणी, जवळजवळ अठ्ठावन्न मिनिटं, आणि तीही एकाच रेकॉर्डवर! एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आरामात मावतात. एकोणतीस कोंबायची तर खाचा बारीक आणि आवाज कमी ठेवावा लागतो. नंतर हाच संग्रह दोन रेकॉर्डवर पसरून काढला, तो मागवा. इथं पैसे ‘रिमास्टर’ शब्दाला नाहीत, रुंद खाचांना आहेत. शिवाय क्वीन हा एकेका गाण्यानं जगलेला बँड, त्यांची निवडक गाणी एकापाठोपाठ लावली तर काही बिघडत नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचंही तसंच; त्यांचा १९७६ चा वीस गाण्यांचा ‘क्रॉनिकल’ घेतला की निम्म्याहून जास्त काम झालं. (बाबांना सांगून पाहा की क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. माहीत असेलच, पण साठाव्या वर्षी पुन्हा ऐकायला हरकत नाही.)

पिंक फ्लॉइडचे हिट्स मात्र घेऊ नका. इथं मला एक कबुलीजबाब द्यायचा आहे. १९८६ च्या सुमारास एका गिऱ्हाइकानं फ्लॉइडची नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला दिली. त्यात ‘एकोज’ हवं होतं, १९७१ च्या ‘मेडल’ अल्बमची अख्खी दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटांचं एकच गाणं. कॅसेटच्या बाजूला तेवढी जागा उरली नव्हती. मी मधला, व्हेल माशांसारखे आवाज येतात तो भाग गाळला आणि टोकं जुळवून दिली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दुकानात येऊन चार लोकांसमोर असे काही बोलले की मी पैसे परत केले, वर कॅसेटही नवी दिली. पुढं २००१ मध्ये ‘एकोज’ याच नावानं फ्लॉइडचा दोन सीड्यांचा अधिकृत संग्रह निघाला. त्यात ‘एकोज’ किती मिनिटांचं आहे? साडेसोळा. काम सफाईचं आहे, गाणी एकमेकांत विरघळवली आहेत, सांधा कळत नाही. पण सात मिनिटं गेली ती गेली. त्या गृहस्थांनी कंपनीकडून पैसे परत मागितले असतील का, असा विचार माझ्या मनात तेव्हाही आला होता.

यात दोष संग्रहाचा नाही. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधलं एक गाणं उचलून दुसऱ्या अल्बममधल्या गाण्याशेजारी ठेवणं म्हणजे जेवणाच्या ताटातली वाटी उचलून शेजारच्या ताटात ठेवणं. त्यामुळे बाबांसाठी हा १९७३ चा पूर्ण अल्बम घ्या. साठाव्या वाढदिवसाला त्रेचाळीस मिनिटं सलग बसायला वेळ असतो.

झेपलिनचं वर सांगून झालं. जुना १९९० चा संग्रह कुणाच्या घरी वापरलेला मिळाला तर तो, नाहीतर पेजनं २०१४ मध्ये पुन्हा हात फिरवून काढलेला चौथा अल्बम. ‘स्टेअरवे’ त्यातच आहे.

आणि आता जे बोलणार आहे त्यानं ताई रागावेल. सुटकेसवाल्या प्लेअरमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक काट्रिज, म्हणजे सुई धरणारा स्वस्तातला भाग, असतं. ते पाच-सहा ग्रॅमच्या दाबानं रेकॉर्डवर बसतं; चांगल्या प्लेअरची सुई दीड-दोन ग्रॅमवर चालते. त्याचे स्पीकरही तळहाताएवढे आणि त्याच पेटीत. त्यावर १९८१ ची प्रत आणि आजची प्रत यांतला फरक मलाही ओळखता येणार नाही. बारा हजार रेकॉर्डवर घालण्याऐवजी क्वीन आणि फ्लॉइड या दोनच घ्या, उरलेल्यात थोडी भर घालून साधा पण वेगळा प्लेअर पाहा, आणि घरातल्या जुन्या स्पीकरला जोडा. ताईला सांगा, काकांनी सांगितलं.

शेवटची एक गोष्ट, फुकटची. बाबांच्या कॅसेटी फेकू नका. ‘वाजत नाहीत’ म्हणजे नव्वद टक्के वेळा आत फितीला मागून टेकू देणारा नखाएवढा गादीचा तुकडा गळून पडलेला असतो. स्क्रू असलेल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात फीत हलवली की चालते. जुना टेपरेकॉर्डर चालत नसेल तर त्याचा पट्टा वितळून डांबर झाला असेल. तो बदलून मिळतो. त्या फितीवर बाबांनी स्वतः निवडलेली गाणी आहेत, त्यांच्या क्रमानं. वेष्टनाच्या आत कार्डावर निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात यादी असेल आणि ‘फ्लॉइड’चं स्पेलिंग चुकलेलं असेल, तर ते अक्षर माझं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर फोटो काढून पाठवा.

प्रश्न : काका, मी रोज लोकमान्य नगर ते सीताबर्डी मेट्रोनं जातो. ॲपवर बीटल्सचं एकच गाणं तीन-तीनदा दिसतं, ‘रिमास्टर्ड २००९’, ‘रिमास्टर्ड २०१५’ आणि आता ‘२०२३ मिक्स’. मूळ कुठं आहे? आणि मी कोणतं ऐकू? — एक विद्यार्थी, हिंगणा रोड

मूळ बहुधा नसतंच बाबू. नवं आलं की जुनं काढून घेतात, किंवा तिसऱ्या पानावर ढकलतात. रेकॉर्ड विकत घेणाऱ्याच्या कपाटातून कुणी काही काढून नेत नाही, हा एक फरक उरला आहे.

तुझ्या यादीत एक फसवाफसवी आहे. २०१५ चं जे आहे ते ‘१’ या संग्रहातलं. मूळ संग्रह २००० सालचा, पहिल्या क्रमांकावर गेलेली सत्तावीस गाणी. २०१५ मध्ये जाइल्स मार्टिननं, म्हणजे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मुलानं, त्यातली बहुतेक गाणी नव्यानं मिक्स केली. ॲपवर मात्र ‘रिमास्टर्ड’ लिहिलेलं दिसतं. वर सांगितलेली भाजी आठव, ही फोडणीपासूनची आहे.

तुझ्यासाठी फरक अगदी रोजचा आहे. तू एक कान उघडा ठेवून ऐकत असशील, स्टेशनची घोषणा कळावी म्हणून. बीटल्सची सुरुवातीची गाणी दोनच पट्ट्यांवर भरली होती. त्यामुळे त्यांच्या जुन्या स्टिरिओत गाणं एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात येतात. २००९ मध्ये ती वाटणी तशीच राखली. मग एक इअरबड काढलास की नेमका जॉन लेननच गायब! नव्या मिक्समध्ये आवाज मध्यभागी आणला आहे. मेट्रोत ते ऐक. घरी दोन्ही कान मोकळे असतील तेव्हा २००९ चं ऐक.

मोठ्या आवाजाच्या चढाओढीचं तुला फारसं भय नाही. ॲप आता सगळी गाणी साधारण एकाच पातळीवर आणून वाजवतं, कर्कश भरलेलं गाणं आपोआप खाली ओढतं. पण खाली ओढलं म्हणून छाटलेलं टोक परत उगवत नाही, गाणं नुसतंच चपटं लागतं. आणि नवी आवृत्ती नेहमी सुधारलेलीच असते असंही समजू नकोस. झेडझेड टॉप या बँडचे सत्तरीतले अल्बम १९८७ मध्ये सीडीवर आले तेव्हा त्यांच्या ढोलांवर त्या काळच्या फॅशनचे डिजिटल ठोके आणि घुमारा चढवला होता. लोकांना मूळ मिक्स परत मिळायला कित्येक वर्षं थांबावं लागलं.

प्रश्न : मागच्या मेमध्ये यजमानांच्या चार रेकॉर्ड वरच्या मजल्यावर राहिल्या आणि पापडासारख्या वाकल्या. सरळ होतील का? — एक वाचक, धरमपेठ

कडा किंचित उचलली असेल तर आशा आहे. दोन जाड काचांच्या मधे रेकॉर्ड स्वच्छ पुसून ठेवा, वर पंचांगं, जुने दिवाळी अंक, जे जड असेल ते, आणि खालच्या मजल्यावरच्या खोलीत दोन-तीन आठवडे विसरा. पुढच्या उन्हाळ्यापासून गच्चीखालची खोली नको, आणि उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. कूलरसमोरही नको, तिथं वाकणार नाहीत, पण कव्हरला बुरशी धरेल. मेमध्ये कुरिअरनं तर अजिबात मागवू नका, तो डबा दुपारभर कुठल्या गाडीत भाजत असतो देव जाणे.

वाफेवर धरून सरळ करायचा उपाय कुणी सुचवेल. मी करून पाहिला आहे, ‘मशीन हेड’ या डीप पर्पलच्या रेकॉर्डवर. ती आता आमच्या गच्चीत मोगऱ्याच्या कुंडीखाली ताटली म्हणून आहे, आणि मधल्या भोकातून पाणी गळत असल्यामुळे ताटली म्हणूनही धड नाही.